वसईचा चौथा तह

वसईच्या भूमीवर आजवर तीन तह झाले, आणि तिन्ही तहांत ज्याची बाजू पडती होती त्याच्या पदरात काय पडले, हे इतिहासाने नमूद करून ठेवले आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिचा आसमंत पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने किल्ला हस्तगत केला तेव्हा पोर्तुगीजांना शस्त्रांनिशी व कुटुंबकबिल्यासह निघून जाण्याची मुभा देणारी कलमे लिहिली गेली. आणि १८०२ सालच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची फौज पदरी बाळगण्याच्या मोबदल्यात २६ लाखांचा मुलूख तोडून देण्याचे कबूल करून स्वातंत्र्यावर आपल्याच हाताने पाणी सोडले. चौथा तह गेल्या वर्षी, किल्ल्याच्या शेजारीच, पाचूबंदरातील आमच्या पडवीत झाला. त्यात एका पक्षास मी होतो, दुसऱ्या पक्षास खंड्या नावाचा कुत्रा होता, आणि वादाचा विषय कापसाने भरलेले, निळ्या रंगाचे अस्वल हा होता. या तहाची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही, म्हणून ती मीच करून ठेवीत आहे. पडती बाजू कोणाची होती, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

पाचूबंदर हे वसईची खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे वसलेले कोळ्यांचे बंदर. तेहतीस वर्षे एका सरकारी कचेरीत आवकजावक बारनिशीच्या वह्या सांभाळून निवृत्त झाल्यावर, समुद्राचा वारा प्रकृतीला मानवतो अशी कोणीतरी समजूत करून दिल्यामुळे, आम्ही उभयतां येथे राहावयास आलो. परंतु हाच वारा सुकत घातलेल्या बोंबिलांनाही तितकाच मानवतो, ही गोष्ट सांगण्याची तसदी मात्र त्या हितचिंतकाने घेतली नव्हती. आता त्या वासाची इतकी सवय जडली आहे की, पुण्याला कन्येकडे गेलो म्हणजे तेथील हवा अळणी लागते. खंड्या आला तो जूनच्या आरंभी, म्हणजे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची सरकारी मासेमारी-बंदी सुरू होऊन होड्या किनाऱ्यावर शाकारल्या जातात आणि फाटकी जाळी दुरुस्त करण्याखेरीज बंदराला दुसरा मोठा उद्योग नसतो, त्या दिवसांत. बंदीचा हुकूम माणसांवर बजावला जात असला, तरी तिचा खरा जाच किनाऱ्यावरील मांजरांना आणि कुत्र्यांना होतो. अशाच एका शाकारलेल्या होडीखालून ते दीड-दोन महिन्यांचे पिल्लू बाहेर आले, आमच्या पडवीच्या पायरीवर बसले, आणि कोणतीही दरखास्त न करता, कोणाचाही दाखला न आणता, निव्वळ वहिवाटीच्या जोरावर घरात दाखल झाले. पहिल्याच आठवड्यात त्याने शेजारच्या मावशींच्या टोपलीतला सुका बोंबील ज्या शिताफीने उचलला ती पाहून मावशींनी त्याला ‘खंड्या’ म्हटले. खंड्या पक्षी पाण्यात सूर मारून मासा उचलतो. याने टोपलीत सूर मारला होता, एवढाच फरक.

श्रावण सरता सरता खंड्याचे दात बदलू लागले. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दात २८ असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि पिल्लू सहा-सात महिन्यांचे होईतो त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. माणसाच्या तोंडात बत्तिशी असते, कुत्र्याच्या तोंडात बेचाळिशी. आणि या उगवत्या बेचाळिशीला माझी चाळिशी प्रथम बळी पडली. तिच्यामागून उजव्या पायाची वहाण, आरामखुर्चीचा एक पाय, देवघरातील आसनाचे टोक आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांपैकी नेमका तो कागद, ज्याची दुसरी प्रत नव्हती, अशा क्रमाने आहुती पडत गेल्यावर कन्येने पुण्याहून फोनवर निदान केले: “बाबा, त्याच्या हिरड्या शिवशिवताहेत. त्याला एखादं मऊ खेळणं आणा.”

कुत्र्यासाठी खेळणे आणावयाचे, ही कल्पनाच माझ्या पिढीला नवीन होती. हडप्पाच्या उत्खननात गळ्यात पट्टा घातलेला मातीचा लहानसा कुत्रा सापडला आहे. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी या देशात कुत्रा हेच खेळणे असावे असे मानावयास जागा आहे. वेदकाळी इंद्राच्या सरमा नावाच्या कुत्रीने पणींनी दडवलेल्या गाईंचा माग काढून दिला, आणि तिच्या नावावरून कुत्र्याला संस्कृतात ‘सारमेय’ हे भारदस्त नाव मिळाले; पण एवढ्या कामगिरीबद्दल तिला चूं चूं वाजणारे बदक मिळाल्याचे कोणी लिहून ठेवलेले नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्तात्रेयांच्या भोवती चार आहेत, युधिष्ठिराबरोबर तर एक थेट स्वर्गाच्या दारापर्यंत गेला. आणि यांपैकी एकाच्याही तोंडात ससा नाही. तथापि कन्येचा शब्द हा आमच्या घरात शासननिर्णयाच्या दर्जाचा असल्यामुळे मी पिशवी घेऊन वसई स्थानकाजवळच्या बाजारात गेलो.

येथे माझ्या हातून जो प्रमाद घडला तो बहुतेक सर्व कुत्रेमालकांच्या हातून घडतो, म्हणून त्याचे सविस्तर वर्णन करणे इष्ट आहे. मी खेळण्याचा चेहरा पाहिला. मांडणीवर ओळीने बसलेल्या हत्ती, माकड, ससे आदी प्राण्यांमध्ये एका तपकिरी अस्वलाची मुद्रा इतकी सात्त्विक, किंचित खिन्न, आणि आमच्या कचेरीतील एका दिवंगत शिरस्तेदारांची आठवण करून देणारी होती की, माझा हात तेथून पुढे सरकेना. त्याला काचेसारखे चमकणारे दोन डोळे होते, गळ्यात तांबडी रेशमी फीत होती, अंगात जाकीट होते, जाकिटाला तीन सोनेरी गुंड्या होत्या, आणि पोट दाबले म्हणजे आतली पिपाणी चूं असा आर्त ध्वनी काढीत होती. “बाळ केवढं आहे?” दुकानदाराने विचारले. “चार महिन्यांचं,” मी म्हणालो, आणि यात असत्य काही नव्हते. त्यावर त्याने मोठ्या अभिमानाने अस्वलाच्या बुडाशी असलेला आयएसआयचा शिक्का दाखविला.

त्या शिक्क्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तो पाहून माझी पूर्ण खातरजमा झाली आणि ती खातरजमा सर्वथैव निराधार होती. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचा हा शिक्का सक्तीचा झाला आहे. डोळे उपटून हाती येऊ नयेत, शिवण उसवू नये, टोक बोचू नये, रंग विषारी नसावा, याच्या कसोट्या त्यासाठी ठरलेल्या आहेत. मात्र त्या हुकुमात खेळणे म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे, आणि तीप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी केलेली वस्तू तेवढी खेळणे ठरते. आता खंड्या चार महिन्यांचा, म्हणजे चौदा वर्षांच्या पुष्कळच खाली. किंबहुना बहुतेक कुत्रे जन्मभर चौदा वर्षांखालीच असतात. परंतु ‘मूल’ या शब्दाचा अर्थ इतका ताणण्यास कोणतेही न्यायासन धजेल असे वाटत नाही. मुलाच्या चिमुकल्या बोटांनी न निघणारा डोळा ४२ दातांपुढे किती वेळ टिकेल, हे मानक ब्यूरोने सांगितलेले नाही. ते मी सांगू शकतो. दीड मिनिट.

कापडी अस्वलाचा जन्म मुळात ज्या प्रसंगातून झाला तो येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९०२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीच्या रानात शिकारीला गेले असता त्यांच्यासाठी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवण्यात आले, आणि असल्या बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे शिकाऱ्याला शोभत नाही म्हणून त्यांनी नकार दिला. त्याचे व्यंगचित्र छापून आले, ते पाहून ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडाचे अस्वल शिवले आणि राष्ट्राध्यक्षांचे टोपणनाव त्याला देऊन टाकले. म्हणजे टेडी हे मूळचे शिकाऱ्याने गोळी झाडण्यास नकार दिलेले अस्वल. ते आम्ही अशा प्राण्याच्या पुढ्यात ठेवतो, की ज्याला शिकारीच्या शिष्टाचाराविषयी रूझवेल्टसाहेबांइतकी चाड नाही.

मी अस्वल पडवीत ठेवले. खंड्याने प्रथम ते दुरून पाहिले, मग पोट जमिनीला टेकवून तो सरपटत पुढे आला, मग झेप घेऊन त्याने ते मानेपाशी धरले आणि डावीकडे-उजवीकडे असे काही झिंजाडले की जाकिटाची एक गुंडी माझ्या चहाच्या कपात येऊन पडली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “किती छान खेळतोय!” वस्तुतः तो खेळत नव्हता, निदान आपण ज्या अर्थाने खेळणे म्हणतो त्या अर्थाने नव्हता. हेरणे, दबा धरणे, पाठलाग, पकड, मान मोडण्यासाठी झटका, आणि नंतर पोट फाडणे, हा त्याच्या पूर्वजांचा हजारो वर्षांचा कार्यक्रम होता आणि तो प्रत्येक कलमास बरहुकूम पार पाडीत होता. पिपाणीची ती चूं म्हणजे आपल्या कानाला गंमत. कुत्र्याच्या कानाला तो लहान भक्ष्याचा आक्रोश वाटतो, आणि आक्रोश बंद होईपर्यंत शिकार पुरी झाली असे कोणताही स्वाभिमानी सारमेय मानीत नाही. म्हणून तो पोटच फाडतो. आपण बाहुली विकत घेतो. त्याला मिळते ते भक्ष्य. या एका गैरसमजातून पुढचे सारे अनर्थ ओढवतात, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो.

अकरा मिनिटांनी पडवीत बर्फ पडल्यासारखा कापूस पसरला होता, त्याच्या मध्यभागी शिरस्तेदारांची रिकामी कातडी पडली होती, आणि खंड्या ओठांवरून जीभ फिरवीत निरपराध मुद्रेने बसला होता. तेहतीस वर्षांच्या नोकरीचा उपयोग मला त्या दिवशी झाला. मी रीतसर पंचनामा केला. शेजारच्या मावशी आणि जाळे विणीत बसलेले एक वयोवृद्ध नाखवा यांना पंच नेमून मुद्देमाल वर्तमानपत्रावर मांडला: कापूस, अंदाजे ओंजळभर, फीत, अखंड, गुंड्या, तीनपैकी तीन, एक चहातून काढलेली, पिपाणी, चेपलेली पण साबूत, डोळे, एक. दुसऱ्या डोळ्यासाठी पडवी, पायरी, तुळशीची कुंडी आणि खंड्याचे तोंड यांची झडती घेण्यात आली, आणि शेवटी सर्व पंचांची नजर एकमताने खंड्याच्या पोटावर स्थिरावली. हा पंचनामा मी विनोदाने केला होता असे कोणी समजू नये. खेळणे फाटले की त्याचे तुकडे जुळवून काय कमी आहे ते पाहणे हाच पहिला उपाय असतो, असे नंतर पशुवैद्यांनीही सांगितले, आणि एवढा व्यवस्थित कागद घेऊन येणारा मालक आपण प्रथमच पाहत आहोत असा शेराही मारला.

मध्यंतरी बंदरावर बातमी पसरून उपचारांची लयलूट झाली होती. नाखव्यांचे मत मिठाचे पाणी पाजून ओकारी काढावी असे होते, आणि समुद्र समोरच असल्यामुळे औषधाचा तुटवडा पडण्याचे भय नव्हते. सुदैवाने मी आधी फोन केला. डॉक्टर अक्षरशः ओरडले. मिठाच्या पाण्याने कुत्र्याच्या अंगात मिठाची विषबाधा होऊन गिळलेल्या वस्तूने जे झाले नसते ते होऊ शकते. ओकारी काढावयाची तर ती दवाखान्यात, वैद्यांच्या औषधाने, आणि तीही वस्तू पोटात जाऊन तास-दोन तासच झाले असतील आणि ती बोचरी नसेल तर. आम्ही पोहोचलो तेव्हा खंड्याने डॉक्टरांच्या टेबलावरील कापसाच्या डबीकडे ज्या आशेने पाहिले, ते पाहून रोग्याची प्रकृती चिंताजनक नाही असे त्यांनी तत्काळ ठरविले. डोळा वाटाण्याएवढा आणि गुळगुळीत होता. तो आपोआप बाहेर पडेल, असा त्यांचा कयास पडला. परंतु त्यांनी बजावले ते असे: कुत्रा वारंवार ओकू लागला, अन्नावरून त्याचे मन उडाले, तो कोपऱ्यात मलूल पडून राहिला, पोटाला हात लावू देईना, किंवा शौचाला बसून कुंथू लागला, तर रात्र असो की सण असो, घेऊन यावयाचे, कारण कापड आणि कापूस क्ष-किरणांच्या चित्रात नीटसे दिसत नाहीत, कित्येकदा सोनोग्राफी करावी लागते, आणि आतडे अडले तर पोट उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पुढचे दोन दिवस मी काडी घेऊन खंड्याच्या मागे वाळूत फिरलो. ज्या किनाऱ्यावर एके काळी चिमाजी आप्पांच्या मोर्च्यांची पाहणी झाली असेल त्या किनाऱ्यावर मी कशाची पाहणी करीत होतो, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगणे कठीण होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुद्देमाल हस्तगत झाला आणि प्रकरण दफ्तरदाखल झाले.

दुसऱ्या खरेदीची मुखत्यारी सौभाग्यवतींनी माझ्याकडून काढून घेतली. त्या क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूस, केवळ पाळीव प्राण्यांचे सामान विकणाऱ्या एका दुकानात गेल्या आणि मंडईत वांगी निवडावीत तशी त्यांनी खेळणी निवडली. चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. एकेकाचा कान धरून ओढला, शिवणीत नख घालून ती एकेरी की दुहेरी ते पाहिले, नाकाशी धरून रंगाचा उग्र दर्प येतो की काय ते हुंगले, पोट चाचपून आत थर्माकोलचे मणी किंवा कवचांचा चुरा तर भरलेला नाही याची खात्री करून घेतली, आणि ज्याचे डोळे कापडावरच दोऱ्याने भरलेले होते, चिकटवलेले वा टाचलेले नव्हते, असेच नग बाजूला काढले. दुकानदाराने एक गोंडस उंदीर पुढे केला, तेव्हा “हा त्याच्या घशात अख्खा जाईल” म्हणून त्यांनी तो परत केला. जबड्यात पुरता मावणार नाही इतके खेळणे मोठे हवे, हा त्यांचा दंडक, आणि तो मला पुढे कोठेही खोटा ठरलेला आढळला नाही. तांबडा की निळा, असा प्रश्न आला. दुकानदाराचा भर तांबड्यावर होता. परंतु कुत्र्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा हे दोनच रंग नीट दिसतात, तांबडा त्याला मळकट तपकिरी भासतो, हे कन्येने आधीच कळविलेले असल्यामुळे निळे अस्वल घरी आले. घरी येताच त्याच्या बुडाची चिठ्ठी, गळ्यातील फीत आणि नाकावरचा गोंडा कात्रीने उतरविण्यात आला. अस्वल थोडेसे संन्याशासारखे दिसू लागले. पण ते दोन महिने टिकले.

टिकले याचे श्रेय केवळ शिवणीला देता येणार नाही. अस्वल आता फडताळात, कुलपात राहते. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटे, आम्हांपैकी कोणीतरी समोर बसलेले असताना, ते बाहेर काढले जाते. खेळ संपला की शिवण तपासून पुन्हा आत जाते. टाका उसवलेला दिसला तर त्याच दिवशी सुई फिरते, आणि सुईने भागण्यासारखे नसेल तर अस्वलाला निवृत्त केले जाते. या बाबतीत मुदतवाढ नाही. निवृत्ती मुदतीत व्हावी, याबद्दल मी आग्रही आहे. ज्यांना साठीनंतरही खुर्ची सोडवत नाही त्यांच्या शिवणी कोठे कोठे उसवलेल्या असतात हे मी जवळून पाहिले आहे.

आता पाचूबंदरापुरती एक गोष्ट. येथे खेळणी विकत घेण्याचे वस्तुतः काही कारण नाही, असे बंदरावरील बहुतेकांचे मत आहे, कारण जाळ्याचे तुकडे, दोरांची टोके आणि तरत्या बोयांचे अवशेष यांनी सारा किनारा अंथरलेला असतो, आणि गावची कुत्री त्यांच्याशीच खेळून मोठी झाली आहेत. नाखव्यांनी मोठ्या मायेने नायलॉनच्या दोराची एक सुबक गाठ बांधून खंड्यासाठी दिली होती. ती मी ठेवून घेतली आणि खंड्याला दिली नाही, याची मला अजून थोडी शरम वाटते. पण डॉक्टरांनी दिलेला दृष्टान्त मनातून जाईना. नायलॉनचा लांब धागा पोटात गेला आणि त्याचे एक टोक कोठेतरी अडकले, की आतडे त्या धाग्यावर पुढे पुढे सरकत राहते आणि नाडी ओढल्यावर लेंग्याचा नेफा जसा चुणत जातो तसे चुणते. धागा ताणला गेला की आतड्याला करवतीसारखा कापतो. अशा धाग्याचे टोक मागच्या बाजूने बाहेर आलेले दिसले, तरी ते ओढण्याचा मोह टाळावा; आतला नेफा त्यामुळे आणखी आवळतो. कापडी खेळण्याचा सुटलेला दोरा, फितीचा तुकडा, पायमोजा, यांची भीती याच कारणासाठी. आणि किनाऱ्यावर जाळ्यातून काढून टाकलेला फुगीर केंड मासा पडलेला असतो तो वेगळाच. तो दिसायला थेट रबरी खेळण्यासारखा, पण जहरी. खंड्याला फिरवताना आम्ही त्याच्या बाजूने जात नाही.

आता मूळ तहाकडे वळतो. हे निळे अस्वल एके दिवशी खंड्याने फडताळ उघडे राहिल्याची संधी साधून पळविले, आणि पडवीच्या कोपऱ्यात नेऊन त्याचा एक डोळा, म्हणजे दोऱ्याने भरलेला, उसकटण्यास प्रारंभ केला. मी “सोड!” म्हणून गर्जना केली. त्याने पकड घट्ट केली. मी अस्वलाचा पाय धरून ओढला. त्याने मान धरून ओढली. आणि ओढाताण हा खेळ त्याला इतका आवडला की मी खेळत नसून शासकीय कारवाई करीत आहे हे त्याच्या ध्यानीही आले नाही. शेवटी मी त्याच्यामागे धावलो. साठी उलटलेल्या माणसाने कुत्र्यामागे धावणे यात कुत्र्याचे मनोरंजन आणि शेजाऱ्यांचे प्रबोधन याखेरीज काही साधत नाही. इतक्यात माझ्या लक्षात आले की, घाई होताच तो तोंडातला दोरा गिळू पाहत आहे. हिसकावून घेतले की कुत्रा गिळून टाकतो. चोर पकडला जाताना पुरावा गिळतो, तसे. मी थांबलो, स्वयंपाकघरात गेलो, आणि मावशींनी दिलेल्या सुक्या बोंबिलाचा नखाएवढा तुकडा आणून त्याच्यासमोर धरला. खंड्याने विचार केला. अस्वल खाली पडले. तुकडा त्याने घेतला, अस्वल मी घेतले, शिवण तपासली, आणि, तहाचे हेच मर्म आहे, अस्वल त्याला परत दिले. वस्तू सोडली तर ती कायमची जात नाही, उलट वर काहीतरी मिळते, हे एकदा पटले की कुत्रा पुढल्या खेपेस सोडण्यास राजी होतो. दुसऱ्या बाजीरावाला असा बोंबील कोणी दाखविला असता तर काय झाले असते, या विचारात मी बराच वेळ पडवीत बसलो होतो. सध्या तहाची कलमे उभयपक्षी पाळली जातात. फरक इतकाच पडला आहे की, बोंबील हवा झाला की खंड्या स्वतःहून काहीतरी पळवून आणतो आणि माझ्यासमोर बसून वाटाघाटींची वाट पाहतो. काल माझा चष्मा आणला होता.

सर्वच कुत्री अस्वल फाडतात असे नाही, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. मावशींची एक पिवळी कुत्री आहे. माज उतरून दोनएक महिने झाल्यावर तिने आमचा एक निवृत्त कापडी ससा उचलून नेला, गोणपाटावर खळगा करून त्यात निजविला, त्याला चाटले, आणि जवळ जाणाऱ्यावर ती गुरगुरू लागली. तिच्या आचळांना दूधही आले. पिल्ले होती कोठे? नव्हतीच. नसबंदी न झालेल्या कुत्रीला अशी खोटी गर्भावस्था येते आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. डॉक्टरांनी दूध पिळू नये असे सांगितले, आणि ससा ती खाण्यासाठी उठेल तेव्हा गुपचूप हलवावा असे सुचविले. मावशींनी तो हलविला. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून आमच्याशी धड शब्द निघाला नाही.

आता बुद्धिमत्तेविषयी. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने चेसर नावाच्या आपल्या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावे शिकविली. नाव उच्चारले की ती नेमके तेच खेळणे उचलून आणीत असे. यांपैकी सुमारे ८०० कापडी प्राणी होते, आणि हा सारा वृत्तान्त २०११ साली शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. मी हे मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले तेव्हा सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “आणि ती आठशे धूत कोण होतं?” संशोधनाची ही बाजू प्राध्यापकमहाशयांनी कितपत हाताळली आहे हे मी पाहिले नव्हते. खंड्याला दोन नावे कळतात: ‘अस्वल’ आणि ‘बोंबील’. यांपैकी दुसऱ्यावर तो पहिले आणून देतो.

धुण्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करतो. आमच्याकडे वाळू हा मोठा शत्रू. लाळेने ओल्या झालेल्या कापडात वाळू बसली की ते पॉलिशचा कागद होते, आणि कुत्रा ते चावताना स्वतःचे दात घाशीत बसतो. म्हणून आठवड्यातून एकदा अस्वल आधी झटकायचे, मग गरम पाण्यात साध्या साबणाने धुवायचे, साबणाचा अंश राहणार नाही इतके खळबळायचे, सुवासिक द्रव्ये त्याला अजिबात लावायची नाहीत, आणि मग वाळवायचे. वाळवायचे म्हणजे वरून नव्हे, आतल्या कापसासकट, नाही तर आत बुरशी धरते. पावसाळ्यात ही गोष्ट पाचूबंदरात अशक्यप्राय आहे. पाऊस सरल्यावर मात्र समोरच बांबूंच्या वलांडी उभ्या राहतात, त्यांच्या दोरांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबिलांच्या जोड्या टांगल्या जातात, आणि ऊन व वारा यांची इतकी उत्कृष्ट व्यवस्था डोळ्यांसमोर असताना आमच्या पडवीच्या सावलीत अस्वल वाळत घालणे मला अव्यवहार्य वाटले. मी ते वलांडीच्या एका टोकाला कानाने टांगले. कोळी बोलीत ‘अहो-जाहो’ची चैन फारशी नसते, मामलेदारापासून देवापर्यंत सर्वांना एकच ‘तू’ पुरतो, आणि त्यात आपुलकीच अधिक असते.

“काका,” मावशी टोपली खाली ठेवून म्हणाल्या, “तुजं अस्वल माज्या बोंबलांत कशाला टांगलंस? गिऱ्हाईक भाव विचारील ना!”

मी क्षमा मागितली आणि अस्वल काढू लागलो. पण त्यांनी हाताने थांबविले, त्याला कानाऐवजी कमरेने नीट बांधले, आणि कावळ्यांसाठी लावलेले जुने जाळे त्याच्यावरूनही ओढून घेतले. खंड्या वलांडीखाली मान वर करून बसला. आपल्याला ठाऊक असलेल्या दोन्ही वस्तू एकाच दोरीवर लोंबकळत आहेत, हे दृश्य त्याने यापूर्वी पाहिलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मावशींनी बोंबील उतरवले. अस्वल पिळून पाहिले; आतून अजून ओलेच आहे.